नववी ‘ब’चा आदर्श पाठ

“येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. पण हात वर पाहिजे म्हणजे पाहिजे!” कुलथे सरांनी टेबलावर पट्टी आपटली. “पाहुणे दारातून आत आले की वर्ग कसा दिसला पाहिजे? कणसं धरलेल्या ज्वारीसारखा. काय धायगुडे?”

“होय सर,” मी म्हणालो. मुख्याध्यापक ज्वारीबद्दल बोलत असताना मराठीच्या शिक्षकानं मध्ये तोंड घालू नये.

“चला, पुन्हा एकदा. सत्य म्हणजे काय?”

नववी ‘ब’चे सगळे हात सपकन वर गेले. बहुतेक डावे.

“उत्तम!” सर म्हणाले.

तपासणीला कुणीही साहेब येवो, प्रश्न पडला की वर्गातला एकूण एक हात वर, ही आमच्या शाळेची परंपरा होती. शिक्षकानं फक्त उजव्या हातांपैकी एकाला उठवायचं. साहेब खूश, संस्था खूश, आणि डाव्या हातवाल्यांनाही आपण काहीतरी केल्यासारखं वाटायचं. जन्मजात डावखुऱ्या पोरांची पंचाईत होई, पण त्यांनाही सरांनी वळण लावलं होतं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मोबाईलमधला कॅमेरा तेव्हा नवलाईचा होता, आणि आमच्या तालुक्याच्या गावात आणखी एक नवलाई आली होती. पोरं मोटारसायकलच्या सीटवर केक ठेवून तो कोयत्यानं कापू लागली होती. केकनंतर एकदोन वेळा कोयता माणसांकडेही वळला. संस्थेची तातडीची सभा भरली. मुलांवर संस्कार कमी पडतात, यावर एकमत झालं. म्हणून ‘संस्कार तास’ सुरू करायचं ठरलं. पूर्ण तास दिला तर गणित मागं पडेल, अशी हरकत निघाल्यावर तो अर्ध्या तासाचा करण्यात आला. नाव मात्र तासच राहिलं. भिंती रंगल्या, बोधकथा सुरू झाल्या, आणि त्या आठवड्यात स्वतः पोलीस इन्स्पेक्टर जगदाळे आमचा आदर्श पाठ बघायला येणार होते.

नेमकं त्याच आठवड्यात कॅनॉलच्या रस्त्यावर संध्याकाळी फिरायला गेलेल्या बाबर आजोबांचं डोकं कुणीतरी गजानं फोडलं आणि त्यांचा मोबाईल नेला. हे निवृत्त पोस्टमास्तर. अख्ख्या गावाची पत्रं त्यांच्या हातून गेलेली. ते जिल्ह्याच्या दवाखान्यात बेशुद्ध पडून होते. पोलिसांनी दुसऱ्याच दिवशी आरोपी पकडला. वकील काळे. इयत्ता नववी ‘ब’. माझ्या वर्गातला.

वकील हे त्याचं खरं नाव. बाप तारखेला कोर्टात गेला होता तेव्हा जन्मला, म्हणून वकील. गावाबाहेरच्या पालावरून शाळेत येणारं ते एकटंच पोर. त्याला आणण्यासाठी मी वर्षभर पालावर चकरा मारल्या होत्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांची कुत्री माझ्या मागं लागली, शेवटी शेवटी शेपटी हलवू लागली. इतकं झाल्यावर पोर शाळेत टिकलं होतं.

तालीम संपवून बाहेर आलो तर फाटकापाशी त्याची आई बसलेली. मला बघताच उठली.

“सर, तुमी सायबाला सांगा की. माझ्या पोरानं काय केलं न्हाय. म्हातारं खाली पडलं हुतं, त्येनं उचलून रस्त्याव आणलं. त्येचंच रगात लागलं अंगाला. पळून गेला आसता तर घावला तरी आसता का?”

“सांगतो बाई.”

“आज सांगा. उद्या सकाळच्याला जिल्ह्याला न्हेणार म्हनत्यात. थोरल्याला आसंच न्हेलं हुतं. आला तवा दाढी आल्याली. शाळा न्हाई का काय न्हाई.”

तेवढ्यात कुलथे सर लगबगीनं आले. “अहो धायगुडे, पाहुणे यायची वेळ झाली. यांना जरा त्या चिंचेखाली बसवा. फाटकातून लगेच नजरेत भरतं.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “माणूस म्हणून मलाही वाईट वाटतं हो. पण आज नको.”

ते खोटं बोलत नव्हते. कुलथे सर दुष्ट नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. भिंतीवरचे सुविचार त्यांनी स्वतः निवडले होते आणि रोज चालता चालता ते वाचायचे. भिंतीवर रंगवलेलं मुलांच्या डोक्यात उतरतं, यावर त्यांचा देवावर असावा तसा विश्वास होता. पुरावा म्हणून त्यांच्याकडे प्रणित होता. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझ्याच वर्गात. भांग चापून बसवलेला, अक्षर मोत्यासारखं, रोज परिपाठात बोधकथा तोच सांगायचा. मोठ्यांशी बोलताना ‘कृपया’ आणि ‘धन्यवाद’ म्हणणारा आमच्या तालुक्यातला तो बहुधा पहिला मुलगा.

जगदाळे साहेब जीपमधून उतरले, तेव्हा नारळ-शाल होण्याआधीच मी त्यांना गाठलं.

“साहेब, तो वकील माझ्या वर्गातला आहे. त्याचं म्हणणं आहे की त्यानं आजोबांना उचलून—”

“सर,” साहेब हसून म्हणाले, “शर्टावर रक्त, पोरगं पालावरचं, जागा कॅनॉलची. अजून काय पाहिजे, पंचांग? आणि कबूल झालंय ते. स्वतःच्या तोंडानं.”

“कबूल?”

“मग! उद्या सकाळी जिल्ह्याला पाठवतो. सुटलो एकदाचे. चला, पाठ बघू तुमचा.”

कबूल झालंय म्हटल्यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नाही. मी पाठ घेतला.

पाठ सुंदर झाला. मी प्रश्न विचारत गेलो, ज्वारी डोलत गेली, मी उजव्या हातांना उठवत गेलो. प्रणितनं ‘खऱ्याची वाट’ नावाची बोधकथा सांगितली, तिचं तात्पर्य सांगितलं, आणि तात्पर्याचंही तात्पर्य सांगितलं. मागच्या भिंतीला टेकून कुलथे सर डोळे मिटून ऐकत होते. शेवटी मी पाहुण्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली.

साहेब उठले. संस्कारांवर बोलले. मग वर्दीतल्या माणसाला स्वस्थ बसवेना. म्हणाले, “बाळांनो, तुमच्याच वर्गातला एक मुलगा परवा वाया गेला. तुम्हाला माहीत आहे. पण तो एकटा नव्हता, असं आमचा अनुभव सांगतो. असल्या कामाला दोघं-तिघं लागतात. तर त्या दिवशी कॅनॉलवर आणखी कोण होतं, ते कुणाला ठाऊक आहे?”

प्रश्न पडला आणि सगळे हात वर गेले.

“वा!” साहेब खळखळून हसले. “ह्यांना काहीही विचारा, हात वरच! काय उत्साह आहे हो कुलथे सर! आमच्या स्टेशनात असा एक हवालदार मिळाला असता तर!”

संस्थेची मंडळी हसली. मी हसणारच होतो, आणि तेवढ्यात माझं लक्ष गेलं.

हात उजवे होते.

पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत. ज्यांनी जूनपासून एकदाही उजवा हात वर केला नव्हता, ज्यांना स्वतःच्या गावाचा तालुका विचारला तरी डावा वर यायचा, त्यांचेसुद्धा उजवे. कुणी बंड केलं नव्हतं. कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. प्रश्न आला, उत्तर येत होतं, शिकवल्याप्रमाणे हात वर. अख्ख्या वर्गाला माहीत होतं.

एकच हात डावा होता. पहिल्या बाकावर, भांग चापून बसवलेल्या डोक्याशेजारी.

मी मागच्या भिंतीकडे पाहिलं. कुलथे सरांचे डोळे आता उघडे होते. त्या खोलीत हे हात वाचता येणारी मोठी माणसं दोनच, एक मी आणि दुसरे ते. त्यांची नजर एकेक बाक बघत पुढं सरकत गेली आणि पहिल्या बाकावर थांबली. ज्या मुलाला सगळं येतं, त्याला तेवढंच येत नव्हतं.

साहेबांना यातलं काय कळणार? त्यांनी सर्वांत नीटनेटका मुलगा निवडला. “तू सांग बाळ.”

प्रणित उभा राहिला. हात मागं बांधून, स्वच्छ आवाजात म्हणाला, “साहेब, गुन्हेगार कितीही हुशार असला, तरी सत्य लपून राहत नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी खिशातलं स्वतःचं पेन काढून त्याला बक्षीस दिलं. तो म्हणाला, “धन्यवाद.”

पाहुणे चहाला गेले. मी वर्गातच थांबलो आणि दार लोटून घेतलं. प्रणितला बक्षिसासकट फोटोसाठी बोलावलं होतं, तो तेवढा नव्हता.

“हात खाली करा,” मी म्हणालो. कुणाचे वर नव्हतेच. “हर्षदा, तू सांग. कॅनॉलवर कोण होतं?”

हर्षदा नाळे ही वर्गाची मॉनिटर. ती बाकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सर, सगळ्यांनी बघितलंय.”

“सगळे कॅनॉलवर होते?”

“न्हाई सर. क्लिप बघितलीय. ब्लूटूथवर आली ना.”

शाळेत मोबाईल आणायला सक्त बंदी होती, त्यामुळे सगळ्यांचे मोबाईल दप्तराच्या तळाशी असायचे. मागच्या बाकावरच्या एकानं आपला काढून दिला. गृहपाठ द्यावा तसा दिला.

मी ती क्लिप एकदाच पाहिली. पुन्हा पाहायची वेळ आली नाही, तिची गरजही नाही. कॅनॉलचा रस्ता, काठी टेकत येणारे बाबर आजोबा. कुणीतरी दोघं हसतायत. मग प्रणितचा आवाज, परिपाठातला तोच आवाज: “आजोबा, कृपया तुमचा मोबाईल देता का?” आजोबा थांबले. नातवाच्या वयाचं पोर काही विचारतंय म्हणून त्यांनी हसून मोबाईल पुढं केला. त्यानं तो घेतला. “धन्यवाद,” म्हणाला. आणि मग पाठीमागं लपवलेला गज काढून मारला.

मोबाईल हातात आल्यानंतर.

पुढं चित्र हलतं. उसातून कुणीतरी ओरडत धावत येतं, आजोबांच्या काखेत हात घालून त्यांना उचलू लागतं. तो वकील होता. तेवढ्यात क्लिप संपते. चित्रीकरण करणाऱ्यालाही पळायचं होतं.

मग मी विचारलं, “आणि तुम्ही कुणीच सांगितलं नाही? वकील आत आहे. तुमच्या शेजारी बसणारा.”

“कुणाला सांगायचं, सर?” हर्षदा म्हणाली.

“मला!”

तिनं भिंतीकडे बोट केलं. तिथं निळ्या ऑइलपेंटात सुविचार होता: दुसऱ्याचे दोष पाहू नये. “संस्कार तासाला तुम्ही समजावून दिलेलं ना सर. वहीत पण आहे.”

ती टोमणा मारत नव्हती. तसं असतं तर मला बरं वाटलं असतं.

“आणि आज हात वर केले ते?”

“साहेबांनी विचारलं ना, कुणाला ठाऊक आहे म्हणून,” मागून एकजण म्हणाला. “मग ज्याला येतं त्यानं उजवा.”

मी मोबाईल घेऊन ऑफिसात गेलो. पाहुण्यांची जीप निघून गेली होती. टेबलावर अर्धी बिस्किटं उरली होती. कुलथे सर खुर्चीत बसले होते आणि प्रणित समोर उभा होता. मी मोबाईल सरांपुढं ठेवला आणि बटण दाबलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. आवाज मात्र ऐकू आलाच.

क्लिप संपल्यावर सरांनी घंटी दाबली. शिपाई आला. सर त्याच्याकडे बघत राहिले. घंटी कशाला दाबली ते त्यांना आठवेना.

“शाळा सोडा,” ते म्हणाले.

“आत्ता? अजून तीन तास—”

“सोडा म्हटलं ना.”

शिपाई गेला. घंटा झाली, पोरांचा गलका उठला आणि ओसरला.

“तुला मोबाईल हवा होता?” सरांनी विचारलं. “मला म्हणायचं. मी आणला असता.”

“नको होता बाबा. तो कॅनॉलमध्ये टाकला.”

“मग?”

“बघायचं होतं.”

“काय बघायचं होतं?”

प्रणितनं खांदे उडवले. “काय होतं ते.”

मी मुलं बघितली आहेत. खोटं बोलणारी, रडणारी, पायावर लोळण घेणारी. हा मुलगा घामेजलाही नव्हता. भूगोलाच्या प्रश्नाला द्यावं तसं त्यानं उत्तर दिलं होतं.

“आणि वकील?” मी विचारलं. “त्याला उद्या जिल्ह्याला नेतायत. ठाऊक आहे तुला?”

“हो सर. पण त्यांच्या घरी सवय असते. नेतात, मग सोडतात.” मग तो वडिलांकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाला, “मला नेलं तर तुमचं नाव जाईल बाबा. शाळेचं पण. आणि पुढच्या वर्षी माझी दहावी आहे. सगळ्यांचा विचार केला पाहिजे ना.”

कुलथे सर त्याच्याकडे बघत होते. एखादं पुस्तक वर्षानुवर्षं शिकवावं आणि एक दिवस कळावं की ते दुसऱ्याच भाषेत आहे, तसे. मला वाटलं, आता हा माणूस म्हणेल, धायगुडे, मोबाईल इथंच राहू द्या. पन्नाशीतल्या, निवृत्तीकडे डोळे लागलेल्या, एकुलत्या एका मुलाच्या बापानं तसं म्हटलं असतं तर नवल नव्हतं. मी मनातल्या मनात भांडणाची तयारीही केली होती.

“धायगुडे,” सर म्हणाले, “स्कूटर आहे ना तुमची? काढा.”

आम्ही तिघं स्कूटरवरून निघालो. मी पुढं, प्रणित मधे, सर मागं. चिंचेखालून वकीलची आई आमच्याकडे बघत होती. आम्ही कुठं चाललोय ते तिला सांगावं असं वाटलं, पण मुख्याध्यापकांच्या मुलाचं नाव तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही. मी नुसतं “या मागून” म्हणालो.

पोलीस स्टेशनच्या पायरीवर सर थांबले. प्रणितची कॉलर एका बाजूनं वर आली होती, ती त्यांनी खाली केली. सवयीनं. मग आत शिरले.

जगदाळे साहेबांनी आमचं तोंड भरून स्वागत केलं, चहा सांगितला. क्लिप बघितल्यावर मात्र त्यांनी दार लावून घेतलं.

“सर, हे आणखी कुणी पाहिलंय?”

“सगळ्या वर्गानं.”

“पोरांचं सोडा हो. मोठ्यांनी?” साहेब खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाले, “ऐका माझं. केस झालीय. आरोपी कबूल आहे. म्हातारा जगेल म्हणतायत डॉक्टर. तुम्ही शिक्षक माणूस, भावनेच्या भरात आलात. सकाळी ह्या पोराला मी सगळ्यांसमोर बक्षीस दिलं. पेपरवाल्यांनी फोटो काढलाय. उद्या एकाच पानावर बक्षीस आणि अटक छापून येईल. बरं दिसतं का ते? घरी न्या. दोन थपडा द्या. पोरगं सुधारेल. चांगल्या घरातलं आहे.”

मी आयुष्यात अनेक बोधकथा ऐकल्या. इतक्या मायेनं सांगितलेली तेवढी एकच.

“साहेब,” कुलथे सर म्हणाले, “लिहून घ्या.”

“अहो पण—”

“मी मुख्याध्यापक आहे. माझा विद्यार्थी आत आहे. तो ज्या गोष्टीसाठी आत आहे ती ह्यानं केलीय. लिहून घ्या.” त्यांचा आवाज चिरकला होता, पण पट्टी आपटावी तसा तो टेबलावर आपटला. “नाही घेतलंत तर मी इथंच बसतो. उद्या शाळेला सुट्टी देऊन सगळी नववी ‘ब’ इथं आणून बसवतो. त्यांना उत्तर येतं.”

साहेबांनी उठून दार उघडलं. मग सुस्कारा सोडून हवालदाराला म्हणाले, “काळेला आण.”

वकील आला. भिंत धरून चालत होता. एक डोळा सुजून बंद झालेला. मला बघून त्यानं हात जोडायचा प्रयत्न केला, उजव्या हाताची बोटं मिटेनात.

“अरे,” मी म्हणालो, “तू तर आजोबांना वाचवत होतास. मग कबूल कशाला झालास?”

त्यानं एकदा साहेबांकडे पाहिलं. मग मला समजावून सांगावं तसं तो म्हणाला, “सर, खरं सांगत हुतो तवर मारत हुते. चूक कबूल केली, मग थांबले.”

साहेब हवालदाराला चहाचं काय झालं म्हणून विचारू लागले.

त्या क्षणापर्यंत प्रणितच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती. आता त्यानं वकीलच्या डोळ्याकडे पाहिलं, न मिटणाऱ्या बोटांकडे पाहिलं. त्यानं वडिलांची बाही धरली. “बाबा, मला पण मारतील?”

उत्तर वकीलनंच दिलं, घाबरलेल्या लहान पोराला धीर द्यावा तसं, अगदी मनापासून:

“न्हाय मारत रं. तुज्यासंगं सर आलेत.”